मेडिक्लेम : हप्ता किती आणि खिशातून किती

बी-३०४ : सोसायटीतल्या सर्वांना नमस्कार. कंपनीच्या ५ लाखांच्या गट विम्यात मी, पत्नी आणि दोन मुले येतो. आई-वडिलांना (वय ६२ व ६७) त्यात घालायचे, तर पगारातून वर्षाला ३८,००० रुपये कापले जातील. एजंटने सहाही जणांची १० लाखांची एकच फ्लोटर पॉलिसी (म्हणजे सर्वांत मिळून एकच विमा रक्कम) ८१,००० रुपयांना सांगितली आहे. घराचा हप्ता जाऊन जे उरते त्यात काय परवडेल, हे ज्यांनी नुकताच क्लेम केला आहे त्यांनी कृपया सांगावे.

ए-१०२ : सहा जणांची एक पॉलिसी हा विचार आधी सोडावा. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या वयावर ठरतो. शिवाय वडिलांच्या एका ऑपरेशनमध्ये रक्कम संपली, तर त्या वर्षी मुलांसाठी फारसे काही उरत नाही.

सी-७०३ : मी हप्त्यांचीच तुलना करत बसलो आणि फसलो, म्हणून सविस्तर लिहितो. वडिलांची ३ लाखांची पॉलिसी स्वस्त होती, कारण खोलीभाड्याला विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपयांची मर्यादा होती. हर्नियाच्या ऑपरेशनला आम्ही ६,००० रुपयांची खोली घेतली. फरक भाड्यापुरताच भरावा लागेल असे वाटले होते. पण भाड्याच्या प्रमाणात सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंगचे ९६,००० रुपयेही निम्मेच मंजूर झाले. औषधे-तपासण्यांना ही कात्री लागली नाही, तरी हातमोजे वगैरेंचे ९,००० रुपये नामंजूर झाले. चार दिवसांच्या १,८०,००० रुपयांच्या बिलात आम्ही ६९,००० भरले. हप्त्यात वाचवलेले ४,००० रुपये तेव्हा फार आठवले.

डी-२०१ : कंपनीच्या विम्यावर मात्र संसार टाकू नये. माझी नोकरी गेली तेव्हा विमाही गेला, आणि ५२व्या वर्षी मधुमेहासह नवीन पॉलिसी घेताना आधीपासूनच्या आजारासाठी ३ वर्षांची प्रतीक्षा वाट्याला आली, म्हणजे तोवर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही.

बी-३०४ : वडिलांना मधुमेह आहेच. मग दोन्ही घ्यायचे का? तेवढी ऐपत नाही.

ए-१०२ : एचआरकडे विचारा, गट विम्यात आधीचे आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरतात. तसे असेल तर आई-वडिलांसाठी ते ३८,००० रुपये महाग नाहीत. तुम्हा चौघांची छोटी स्वतंत्र पॉलिसी आताच सुरू करा, म्हणजे नोकरी बदलेपर्यंत प्रतीक्षेचा काळ सरत राहील. वर ५ लाखांच्या पुढचा खर्च उचलणारा सुपर टॉप-अप घ्या. साधा टॉप-अप नको, कारण त्यात ती ५ लाखांची मर्यादा प्रत्येक वेळच्या बिलाला वेगळी लागते, तर सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराची बिले एकत्र धरतात. वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून गेला आहे, तेव्हा एजंटचा आकडा जुना तर नाही ना, हेही पाहा. विम्याच्या हप्त्यावरची आयकरातली वजावट (८०डी) जुन्या करप्रणालीतच मिळते.

सी-७०३ : वडील ७० वर्षांचे झाले की आयुष्मान भारतचे ५ लाखांचे कार्ड उत्पन्नाची अट न लागता निघते, मात्र योजनेत नसलेल्या रुग्णालयात ते चालत नाही.

बी-३०४ : मनापासून आभार. उद्याच एचआरशी बोलतो.

सी-७०३ : खोलीभाड्याची अट लेखी मागवा. आणि फॉर्ममध्ये मधुमेहापुढे "नाही" लिहा असे एजंट सांगेल. ते ऐकू नका.