गर्डरवर ५ टन? ‘झेड गुणिले १६५’वाल्यांना उत्तर

खडूस_अभियंता:
काल इथे एकाने ‘बीमची क्षमता दोन मिनिटांत’ म्हणून लेख टाकला. सेक्शन मॉड्युलस (झेड, म्हणजे छेदाच्या आकारावरून येणारं वाकण्याला विरोधाचं माप) घ्या, १६५ ने (२५० ग्रेडच्या स्टीलला चालणारा ताण, २५० च्या ०.६६ पट, न्यूटन प्रति चौरस मिमी) गुणा, आलेल्या मोमेंटला (बीमला पेलवणाऱ्या वाकवणाऱ्या जोराला) आठने गुणा, स्पॅनने (दोन टेकूंमधल्या अंतराने) भागा आणि बिनधास्त लटकवा. उदाहरणाला २०० मिमी खोल, १०० मिमी रुंद आय-सेक्शन, स्पॅन ६ मीटर, उत्तर ५ टन. खाली ‘वा, किती सोपं करून सांगितलंत’ची रांग. डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

झेड २२३.५ घनसेमी, मोमेंट ३६.९ किलोन्यूटन-मीटर. इथपर्यंत मान्य. पण ते ५ टन स्पॅनभर सारखे पसरलेले, हे कोण सांगणार? मधोमध एकाच हुकला लटकवलेत की थेट निम्मे, २.५. बरं, पसरलेले धरू. मध्यावर झोळ येतो ३१ मिमी. स्पॅनचा ३०० वा भाग, म्हणजे २० मिमी, ही मर्यादा पाळायची तर ३.२ टनांवर थांबा. आणि वरचा फ्लँज (आय-सेक्शनची आडवी पट्टी) मध्ये कुठेच बाजूने धरलेला नसेल तर बीम आडवा सरकून पिळतो. मग ढोबळमानाने दोनेक टन उरतात. लेखात यातलं अक्षर नाही.

वेल्डरदादा:
साहेब, कागदावर सगळेच बीम पडतात. आमच्या शेडमध्ये अगदी हाच गर्डर आहे, चेन ब्लॉक लावून इंजिनं उचलतो. केसाएवढा वाकला नाही. तुमचं गणित खरं असतं तर मी हे लिहायला उरलो नसतो.

खडूस_अभियंता:
इंजिनाचं वजन किती?

वेल्डरदादा:
असेल अर्धा-पाऊण टन. मुद्दा तो नाही.

खडूस_अभियंता:
मुद्दा तोच आहे हो!

स्लाइडरूल:
दोघंही जुन्या जमान्यात. ०.६६ चा काळ संपला, लिमिट स्टेट (ताकद आणि वापर यांच्या मर्यादा वेगवेगळ्या तपासणारी पद्धत) वापरा. आणि झोळाची एवढी भीती असेल तर ३५० ग्रेडचं स्टील घ्या, विषय संपला.

खडूस_अभियंता:
दंडवत. ग्रेड कोणताही असो, इलॅस्टिक मॉड्युलस, म्हणजे स्टीलचा ताठपणा, दोन लाख न्यूटन प्रति चौरस मिमीच्या आसपासच राहतो. २५० चा जेवढा झोळ खाईल तेवढाच ३५० चाही. झोळ कमी करायचा तर खोली वाढवा. लिमिट स्टेटमध्येही डिफ्लेक्शन, म्हणजे झोळच, तपासतात, ते पान कोणी फाडलं का तुमच्या प्रतीतलं?

स्लाइडरूल:
भाषा सांभाळा. ताकदीबद्दल बोलत होतो.

भोकं_पाडणारे_मुर्दाबाद:
अवांतर, पण राहवत नाही. तुम्ही कितीही हिशोब करा, नंतर पाइपवाला गॅस कटर घेऊन येतो. आमच्या साइटवर एकाने मधोमध खालच्या फ्लँजला खाच मारली, का तर पाइपला उतार मिळेना! कडा करवतीच्या दात्यांसारख्या, वर रंगाचा हात मारून मोकळा. मी ओरडलो तर म्हणे, ‘एवढ्याशाने काय होतंय?’ मध्यावर खालचा फ्लँजच सगळी ओढ घेतो ना बाबा!

पाइपवालाच:
आला का राग आमच्यावर? ड्रॉइंगमध्ये पाइपला जागा सोडत नाही तुम्ही लोक. स्लॅब झाल्यावर आम्हाला बोलावता, वर उताराचं प्रमाण पाळा म्हणता. पाइप काय हवेतून न्यायचा?

भोकं_पाडणारे_मुर्दाबाद:
विचारायचं होतं! वेबच्या (दोन फ्लँजमधल्या उभ्या पट्टीच्या) मध्यावर, स्पॅनच्या मधल्या भागात गोल भोक असतं तर फारसं बिघडलं नसतं. तिथे शिअर (कातरणारा जोर) कमी असतो. टेकूजवळ नको, आणि फ्लँजला तर हातच लावू नका.

पाइपवालाच:
हे आज कळतंय. साइटवर कोणी सांगितलं नव्हतं, नुसत्या शिव्या मिळाल्या होत्या.

वेल्डरदादा:
पाइपवाल्याशी सहमत. आणि त्या खाचेवर नंतर पट्टी मारायला आम्हालाच बोलावतात, बिल मात्र निघत नाही.

खडूस_अभियंता:
धागा बीमच्या क्षमतेचा आहे. बिलांचा वेगळा काढा.

वेल्डरदादा:
बरं, क्षमतेचं घ्या. तुम्ही पिळण्याचं भूत दाखवलंत. आमचा भार खालच्या फ्लँजला लटकतो, वर ठेवलेला नाही. बीम कलायला लागला की लटकता भार त्याला सरळच करतो. हे धरलंत?

खडूस_अभियंता:
नाही धरलं. खाली लटकवलेला भार बीमला त्या बाबतीत मदत करतो, हे खरं आहे. घ्या, पेढे वाटा. पण ट्रॉलीची चाकं खालच्या फ्लँजच्या कडेवर चालत असतील तर तो फ्लँज स्थानिक पातळीवर वाकतो, तो हिशोब निराळा. शिवाय उचलताना बसणारा झटका. नुसतं लटकवलेलं वजन आणि उचलायचं वजन एक नव्हे.

स्लाइडरूल:
आणि बीमचं स्वतःचं वजन? मीटरला २५ किलो, ६ मीटरला दीडशे. आपणही विसरलात महाराज.

खडूस_अभियंता:
दीडशे किलो वजा करा आणि झोपा.

नवखा_वाचक:
आमच्याकडे असाच पण जुना, गंजलेला गर्डर आहे. कागदपत्रं काहीच नाहीत. त्यावर एक टन चालेल का?

भोकं_पाडणारे_मुर्दाबाद:
आधी त्याला कोणी खाच मारलीय का बघा!

खडूस_अभियंता:
गंज खरवडून उरलेली जाडी कॅलिपरने मोजा, मध्यावरही आणि टेकूजवळही. त्या जाडीवरून झेड नव्याने काढावा लागेल. ग्रेड माहीत नसेल तर तुकडा कापून चाचणी करून घ्या, तोवर सर्वात कमी ग्रेड धरा. टेकू कशावर आहे तेही पाहा. हे सगळं होईपर्यंत काही लटकवू नका.

वेल्डरदादा:
तुकडा वेबमधून कापा हो, फ्लँजमधून नको. नाहीतर हे परत सुरू होतील.