यावलचे रक्षण आणि शेजारचे जंगल

जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्यात गस्त वाढवली की सातपुड्याचे जंगल आपोआप वाचेल, असे एक मत मांडले जाते; त्या मताला एक जोड द्यावीशी वाटते. संरक्षण हवेच, पण लाकडाची मागणी तेवढीच राहिली, तर कुऱ्हाड थांबत नाही, ती हद्दीबाहेर सरकते. पाड्यावरच्या बाईला चुलीसाठी सरपण रोज लागते. अभयारण्याची वाट बंद झाली की ती शेजारच्या वनातल्या अंजन-धावड्याकडे वळते, आणि तेथे आधी फांद्या जातात, मग खोड, आणि शेवटी गुडघाभर उंचीचा खुंट तेवढा उरतो.

देशांच्या पातळीवरही हेच घडले आहे. थायलंडने १९८९ मध्ये नैसर्गिक जंगलातील व्यापारी तोड बंद केली, तेव्हा तेथील लाकूड-व्यापाऱ्यांनी म्यानमार, लाओस आणि कंबोडियाकडे मोर्चा वळवला; १९९८ च्या महापुरानंतर चीनने तोडीवर बंधने घातली आणि रशियाकडून होणारी त्याची लाकूड-आयात झपाट्याने वाढली.

म्हणून यावलचे यश मोजताना चोपडा-रावेरकडची वने आणि सीमेपलीकडचे, मध्य प्रदेशातले खरगोन, बुऱ्हाणपूर हे जिल्हे एकत्र पाहायला हवेत, कारण वनविभाग दोन राज्यांचे असले तरी डोंगररांग सलग आहे. वनहक्क कायद्याने ग्रामसभांना दिलेले जंगल राखण्याचे सामूहिक हक्क या बाहेरच्या पट्ट्यात वापरले जावेत, बांधावर लावायला रोपे मिळावीत. त्याहीपेक्षा, गॅसचा पहिला सिलिंडर संपल्यावर दुसरा भरून घेणे पाड्यावरच्या घराला परवडते का, हा प्रश्न मला अधिक निर्णायक वाटतो.