लक्ष्मी रस्त्यावर चालायला जागा हवी
पदपथ रुंद केले की गाड्या लावायला जागा उरत नाही आणि दुकानांचा धंदा बसतो, असा एक आक्षेप घेतला जातो. पण पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावर खरेदी करणारा माणूस शेवटी पायीच दुकानात शिरतो. ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिनानिमित्त नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांना बंद ठेवला होता, तो प्रयोग याच दृष्टीने मला मोलाचा वाटतो.

रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनुसार पदपथाची किमान १.८ मीटर रुंदी अडथळ्याविना मोकळी हवी. प्रत्यक्षात माझी आई काठी टेकत निघते, तेव्हा विजेची पेटी, दुकानाची पायरी आणि तिरपी लावलेली दुचाकी चुकवताना तिला तीनदा रस्त्यावर उतरावे लागते, आणि उंच कडेवरून परत चढताना कुणाचा तरी हात धरावा लागतो. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ आणि बाके झाल्यापासून ती तिथे एकटी जाते.

मात्र लक्ष्मी रस्त्यावरून विसर्जन मिरवणूक जाते, म्हणून पदपथावर गाड्या चढू नयेत यासाठी तिथे लावायचे खांब काढता-घालता येतील असेच असावेत.