हेवेल : व्यर्थ की वाफ?

पागोळी : अनुवादात अडले आहे. बायबलमधल्या 'उपदेशक' या पुस्तकाच्या १ल्या अध्यायातलं २रं वचन, मूळ हिब्रूत : 'हवेल हवालीम, हाकोल हावेल'. शब्द एकच, 'हेवेल'. मराठी बायबलप्रमाणे मी 'व्यर्थ' ठेवलं. संपादकांनी समासात लिहिलं, 'मूळ अर्थ वाफ, श्वास.' मग काय, 'सगळं वाफ आहे' लिहू?

रेवदंडा : संपादक बरोबर आहेत. स्तोत्र १४४ मध्ये माणसालाच हेवेलसारखा म्हटलंय. यशयाच्या ५७व्या अध्यायात मूर्तींना वारा उडवून नेतो, हेवेल घेऊन जातं. ती नुसती फुंकर आहे. 'व्यर्थ' हे वळण ग्रीक-लॅटिन भाषांतरांनी रुळवलं.

दशमी : हवा, हव्वा, हेवेल, तिन्ही एकाच मुळातले असणार!

रेवदंडा : नाही हो. 'हवा' अरबी-फारसीतून आली. हव्वेच्या हिब्रू नावात 'हेत' हे घशातलं अक्षर आहे, हेवेलमध्ये 'हे'. देवनागरीत दोन्हींचा 'ह' होतो आणि फसगत होते. खरा जुळा 'हाबेल'. अक्षरं तीच : हे, बेत, लामेद. आदामाचा हा मुलगा गोष्टीत किती टिकतो, आठवा : भावाच्या हातून लगेच मरतो.

जायफळ : 'तोंडाची वाफ दवडू नकोस' आहे की आपल्याकडे! श्वास, वाफ आणि फुकट जाणं, तिन्ही त्यात आलं. माझी आजी दिवसातून दहादा म्हणायची.

ओसरी : धर्मग्रंथात चुलीपुढची भाषा नको. 'मिथ्या' घ्या.

रेवदंडा : 'मिथ्या' म्हटलं की वेदान्त आलाच. कोहेलेत, म्हणजे हा उपदेशक, जगाला खोटं म्हणत नाही. मुठीत धरता येत नाही, एवढंच म्हणतो.

जायफळ : ओसरी, पंडिता रमाबाईंनी हिब्रू शिकून बायबल मराठीत आणलं ते साध्या बायकांना कळावं म्हणूनच. चुलीपुढची भाषा का नको?

पागोळी : आणि 'हवेल हवालीम'चं काय? 'शीर हाशिरीम' (गीतांतलं गीत) सारखीच रचना आहे ही, आपल्या 'देवाधिदेव'सारखी. 'व्यर्थ, व्यर्थ' म्हटलं की नुसती द्विरुक्ती उरते.

दशमी : 'वाफेतली वाफ'? पण वाफ कामाची असते. झाकण ठेवून एक वाफ काढली की भाजी शिजते. मोदक वाफेवरच होतात. मला ते वचन वाचून पातेलंच दिसेल.

ओसरी : मग 'बाष्प' लिहा.

रेवदंडा : 'बाष्प'चंच 'वाफ' झालंय, ओसरी.

दशमी : मग मळ्यातला 'वाफा'? तोही त्यातलाच का?