जुना पूल रुंद करायचाय, टेंडर ईपीसीवर आहे, भरावं का?

मंडळी, सल्ला हवाय. आतापर्यंत आमची सगळी कामं आयटम रेटची (प्रत्येक बाबीचा दर ठरलेला, जेवढं काम तेवढे पैसे), ड्रॉइंग खात्याचं, आपण बांधायचं, एमबी (मोजमाप वही) लिहिली की बिल. आता पहिल्यांदाच ईपीसी बघतोय, म्हणजे डिझाइन आणि बांधकाम दोन्ही आपलं, ठरलेल्या एकरकमी किमतीत. दोन लेनचा जुना पूल, त्याला शेजारी चिकटून नवा भाग जोडायचा आणि वाहतूक चालूच ठेवायची. डिझाइन आपलंच म्हणजे स्टील वाचेल असं शेठ म्हणतायत, पण टेंडरसोबत बोअर लॉग (जमिनीत भोक पाडून केलेली माती-खडकाची नोंद) दोनच आणि तेही अप्रोचचे (पुलाला येऊन मिळणाऱ्या रस्त्याचे), जुना पाया किती खोल गेलाय ते कुठेच नाही. मला धाकधूक वाटतेय.

पूलवाला_काका:
वाटायलाच पाहिजे. स्टील वाचेल ते नव्या गर्डरमध्ये (स्लॅबखालच्या तुळयांत), घोळ होतो तो जोडावर. जुना भाग कधीच बसून झालेला असतो, नवा अजून खचणार, वाकणार, म्हणून मधली स्लॅबची पट्टी सगळ्यात शेवटी ओततात आणि ती ओतताना शेजारून ट्रक गेला की हादरे त्या ओल्या काँक्रीटला. आम्ही एका कामात रात्रीचे चार तास वाहतूक बंद मागितली होती, मिळाले दोन. त्यात जुनी स्लॅब फोडली तर सळ्या ड्रॉइंगप्रमाणे नाहीतच, गंजून काडी झालेल्या. आयटम रेट असता तर जादा आयटम लावला असता, इथे लमसम, टप्पा झाला की ठरलेले टक्के. वाढीव खर्च आमच्याच बोकांडी.

मिनेसोटाकर:
इकडे अमेरिकेत मिनियापोलिसचा आय-३५डब्ल्यू पूल १ ऑगस्ट २००७ ला कोसळला, १३ माणसं गेली. नवा पूल डिझाइन-बिल्डवर (डिझाइन, बांधकाम दोन्ही कंत्राटदाराचं) १८ सप्टेंबर २००८ ला चालूसुद्धा झाला. गंमत म्हणजे काम मिळालं ते सगळ्यात महाग बोलीला, कारण किंमत, दिवस आणि तांत्रिक गुण एकत्र धरले होते. बाकीच्यांनी तक्रार केली ती वेगळी. पण तो पूर्ण नवा पूल होता, तुमच्यासारखं जुन्याला जोडणं नव्हतं.

झुआरीकाठचा:
आमच्या गोव्यात झुआरी नदीवर पण ईपीसीच, पण नवा पूल जुन्याच्या शेजारी स्वतंत्र उभा केला, जुन्याला हात नाही लावला. वेगळा पूल द्यायची मुभा टेंडरमध्ये आहे का बघा, शेड्युल बी (करारातलं कामाचं वर्णन) नीट वाचा.

पूलवाला_काका:
बरोबर. आणि प्री-बिडला (टेंडर भरण्याआधीच्या बैठकीला) लेखी विचारा, जुन्या पायाची माहिती चुकीची निघाली तर चेंज ऑफ स्कोप (काम बदललं म्हणून वाढीव पैसे) मिळणार का. तोंडी "बघू" म्हणाले तर ते नाही असंच समज बाळा. महाडचा सावित्रीवरचा दगडी पूल आठव, २०१६ ला पुरात एका रात्रीत गेला, वरून बघून कोणाला काय कळलं होतं?

प्रश्नकर्ता:
काका, शेड्युल बी बघितलं, "विद्यमान पुलाचे रुंदीकरण" असंच लिहिलंय, म्हणजे वेगळा पूल नाही. लेखी प्रश्न सोमवारी टाकतोय. शेठना म्हटलं आधी स्वखर्चाने नदीत दोन बोअर मारू, तर त्यांनी पहिलं विचारलं, टेंडर नाही मिळालं तर तो खर्च कोण देणार 😅