मदत हवी आहे: दिवंगत पियानोवादकांच्या स्मरणार्थ ब्रॉडवे गीतांची मैफल

न्यू जर्सीतील आमच्या हौशी पॉप्स ऑर्केस्ट्रात (लोकप्रिय गाणी वाजवणाऱ्या वाद्यवृंदात) मी व्हायोलिन वाजवते. आमचे ज्येष्ठ पियानोवादक गेल्या हिवाळ्यात निवर्तले. ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या, संगीतिकांमधली गाणी हा त्यांचा जीव की प्राण असल्यामुळे, येत्या वसंतात केवळ त्याच गाण्यांची मैफल करून त्यांना आदरांजली वाहण्याचे आम्ही ठरवले आहे. सुटी गाणी मैफलीत सादर करण्याचा परवाना ॲस्कॅप, बीएमआय यांसारख्या, गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाने देणाऱ्या संस्थांकडून मिळतो, मात्र वेशभूषा, संवाद आणि कथानक यांसह प्रसंग उभा केल्यास नाट्यप्रयोगाचे हक्क वेगळे घ्यावे लागतात, एवढे मला माहीत आहे. परंतु दोन गाण्यांच्या मध्ये, आपल्या नाट्यगीतांच्या मैफलीत असते तसे, त्यांच्या आठवणींचे निवेदन ठेवल्यास पहिला परवाना पुरेसा ठरतो का?

शिवाय त्यांनी अशी गाणी एकत्र गुंफून वाद्यवृंदासाठी स्वहस्ते लिहून ठेवलेली एक गीतमालिका, पियानोचे बाक रिकामे ठेवून, वाजवण्याची आमची मनापासून इच्छा आहे. तिच्यातील बहुतेक गाणी १९४० नंतरची, म्हणजे स्वामित्वहक्काखालची आहेत. तेव्हा या वाद्यवृंद-रूपांतरासाठी प्रकाशकांकडे अर्ज किती महिने आधी करावा? अमेरिकेत असे कार्यक्रम प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.