'वॉर्डात निम्मे लसवालेच होते' म्हणणाऱ्यांना

रात्रपाळी: काल इथे एकांनी लिहिलं, 'दुसऱ्या लाटेत बाबा ॲडमिट होते, वॉर्डात निम्मे पेशंट लस घेतलेलेच. मग लसीचा उपयोग काय?' खाली सगळ्यांच्या माना डोलताहेत. गप्प बसवेना.

मी तेव्हा कोविड आयसीयूत स्टाफ नर्स होते. 1 मार्च 2021 ला साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली, 1 एप्रिलला पंचेचाळिशीच्या. म्हणजे एप्रिलातले 'लसवाले' बहुतेक वयस्कर, शुगर-बीपीचे, एकच डोस झालेले. त्यांची तुलना तिशीतल्या बिनलशीच्या पोराशी कशी करता? आणि लस घेऊन जे घरीच बरे झाले, ते वॉर्डात दिसणार कसे? धरा, 1000 म्हाताऱ्यांत 900 जणांनी लस घेतली. त्यांतले 18 ॲडमिट, उरलेल्या 100 मधले पण 18. वॉर्डात निम्मे-निम्मेच दिसतील, पण न घेतलेल्यांचा धोका 9 पट!

जानेवारी 2022 मध्ये आमच्याकडचे दोन डोसवाले बहुतेक नाकात नळी, दोन लिटर ऑक्सिजन, चहा कधी येतो विचारणारे. बायपॅपवर (मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या मशीनवर), नाकाच्या हाडावर मास्कची जखम घेऊन पालथे पडलेले जास्त करून बिनलशीचे.

कोरडवाहू: तो मीच. बाबांनी डोस घेतला, बाराव्या दिवशी ताप, छातीच्या स्कॅनचा एचआरसीटी स्कोअर 25 पैकी 18. गेले. तुमचं 900 आणि 100 माझ्या आईला येऊन सांगा. आणि 2022 चा ओमिक्रॉन मुळातच सौम्य होता, त्याचं श्रेय लसीला कशाला?

आकडेमोड: दुसऱ्या लाटेतल्या डेल्टापेक्षा सौम्य, हे खरं. पण हाँगकाँग बघा. फेब्रुवारी-मार्च 2022, तोच ओमिक्रॉन, आणि लस न घेतलेली म्हातारी माणसं पटापट गेली. सगळ्यांनाच सौम्य असता तर शवागारं भरली नसती.

मिरजकर: लशीचं सोडा, रेमडेसिव्हिर इंजेक्शनवर बोला! जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच सांगितलं होतं, देऊ नका. तरी एप्रिलात चिठ्ठी हातात देऊन आम्हाला पळवलं. भावासाठी मी सांगलीपासून पुण्यापर्यंत फिरलो, बायकोचं गंठण मोडलं. वाचला तो ऑक्सिजन आणि स्टिरॉइडवर.

शिरवळकर: आमच्याकडेही तेच. वर बिलात पीपीई किट रोजची वेगळी लावलेली, एकाच वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटला.

रात्रपाळी: किटचं बिल नर्स लावत नाही हो. आम्ही त्याच किटमध्ये सहा तास पाणी न पिता उभ्या होतो.

मिरजकर: तुम्हाला कोण बोललं? पण चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरला वॉर्डातून कोणी विचारलं का?

रात्रपाळी: विचारलं. 'नातेवाईक ऐकत नाहीत' हे उत्तर मिळालं. आणि ते खोटं नव्हतं, 'इंजेक्शन का नाही दिलं' म्हणून आमच्या ब्रदरच्या अंगावर लोक धावून आले होते.

शिरवळकर: म्हणजे चूक आमचीच! शाब्बास.

आकडेमोड: धागा लशीचा आहे. दादा, पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवडे जावे लागतात, पूर्ण संरक्षण दुसऱ्यानंतर पंधरवड्याने. बाराव्या दिवशी ताप आला तर लागण त्याआधीच झालेली.

कोरडवाहू: दुसरा डोस वेळेवर देत होता कोण? मे महिन्यात कोविशिल्डचं अंतर 12 ते 16 आठवडे करून ठेवलं.

आकडेमोड: अंतर वाढवल्याने प्रतिकारशक्ती चांगली येते, हे खरं. पण लाट डोक्यावर असताना लोक एका डोसवर लटकले, हेही खरं.

कोरडवाहू: बाराव्या दिवसाचं मान्य करतो, तेवढंच. पण केंद्रावर अर्धा तास बसवलं, पॅरासिटामॉल दिली, आणि 'अजून महिनाभर जपा' हे एका शब्दाने सांगितलं नाही. लस झाली म्हणून बाबा निर्धास्त होऊन पुतणीच्या लग्नाला गेले. याला जबाबदार कोण?

रात्रपाळी: दादा, हे सांगायलाच हवं होतं. यात तुमच्याशी भांडण नाही. पण मग 'सांगितलं नाही' असं लिहा. 'उपयोग नाही' वाचून माझ्या शेजारच्या काकूंनी बूस्टर घेतला नाही.

मिरजकर: शिरवळकर, किटचं बिल अजून आहे का तुमच्याकडे? ग्राहक मंचात माझी तक्रार चालू आहे, व्यनि (खाजगी निरोप) करा.